कुंपणावरचा कडू पाला

शुक्रवार, ३ मे

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. माझा खोकला गेला, जेवणही वेळेवर होतं. तू हेच पहिलं विचारशील म्हणून आधीच सांगून टाकलं. आता एक काम कर. माझं मागचं पत्र काढ. ते तू शेजारणींना वाचून दाखवलंस, हे बाबांनी फोनवर सांगितलं. त्यातली ‘दोन्ही गटांतली पिल्लं सारखंच खात होती’ ही ओळ खोडून टाक. ती चुकीची आहे. मी ते मोजलं नव्हतं, नुसतं धरून चालले होते.

बाकीचं लिहिलेलं खरं आहे. उन्हाच्या त्या आठवड्यात इथे कॉलेजच्या प्रयोगात साध्या खाद्याच्या कप्प्यांतली पिल्लं पंख पसरून, चोच वासून धापा टाकत होती. काही दगावलीही. तुझं हळद, शेवगा आणि कडू पाल्याचं चूर्ण मिसळलेल्या कप्प्यांतली मात्र शांत होती. रक्ताची तपासणीही तेच सांगते. उष्म्यानं शरीराला आतून गंज चढावा तसं काहीतरी होतं, त्याला इथे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. तो तुझ्या चूर्णाच्या पिल्लांत खरोखरच कमी निघाला. म्हणून मी हुरळले आणि घाईघाईनं तुला लिहिलं.

चूक कुठे झाली ते सांगते, पण हसू नकोस. ती तुझ्याच शिकवणीतून आली. शाळेत नाव घालण्याआधी तू मला खाद्याच्या पोत्यावरची अक्षरं वाचायला शिकवलीस. पाव आणि अर्धा तुझ्या तराजूवर शिकले, आणि मग बिस्किटाचे तुकडेसुद्धा तोलून वाटायला लागले म्हणून तू माझंच नाव तराजू ठेवलंस. भांड्यात शिळं खाद्य राहू द्यायचं नाही, हे तर पाठीत धपाटा घालून शिकवलंस. तेव्हा इथेही मी रोज सकाळी सगळे फीडर झटकून, पुसून मगच भरत होते. झटकलेलं सगळं एकाच बादलीत. कोणाचं किती उरलं ते बादलीला काय माहीत! सर मात्र माझ्या स्वच्छतेचं सगळ्यांपुढे कौतुक करायचे.

सोमवारी बादली जागेवर नव्हती, म्हणून मी जमिनीवर कागद पसरून एकेका कप्प्याचं उरलेलं वेगळं काढलं. साध्या खाद्याचं चिमूटभर. चूर्णाच्या खाद्याचे ढीग पाहून मी तिथेच खाली बसले. मग रोज वजन केलं. तुझ्या चूर्णाची पिल्लं जवळजवळ तिसरा हिस्सा खातच नाहीत. चोच घालतात, मान झटकतात आणि पाठ फिरवतात. हळद आणि शेवग्याचा पाला वेगवेगळे घालून पाहिले, ते मुकाट्यानं खातात. त्यांना नको आहे तो तुझा कुंपणावरचा कडू पाला.

पुढचं तुला मी काय शिकवू? पोट भरलेलं पिल्लू उन्हात जास्त तापतं, म्हणून दुपारी ताटल्या उचलून ठेवणारी तूच. कदाचित चूर्णानंही तेवढंच केलं असेल, ताटली न उचलता. कदाचित खरंच काही गुणही असेल. आज मला दोन्हीपैकी काहीच छातीठोकपणे सांगता येत नाही.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, “अगं, पिल्लं जगली ना? मग झालं तर!”

“सर, ती चूर्णानं जगली की उपाशी राहून, ते कळायला हवं.”

“चूर्ण पाहायला खाद्य कंपनीची माणसं यायची आहेत. त्यांना काय हे सांगू?”

“हेच सांगा.”

सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. “चूर्ण तुझ्या घरचंच ना? मग स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची एवढी हौस का?” मी उरलेल्या खाद्याच्या वजनांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. शेवटी ते म्हणाले, “बरं, घाल तिसरा गट.” म्हणजे काही पिल्लांना साधंच खाद्य, पण चूर्णाची पिल्लं खातात तेवढंच मोजून. ती उन्हात कशी राहतात ते पाहिलं की कळेल. चूर्णाचं नाव होईल की नाही, ते तेव्हाच ठरेल. तोवर नव्या पिल्लांना दुप्पट चूर्ण घालायचा तुझा बेत आहे ना, तो कृपा करून थांबव.

आणखी काय? हॉस्टेलचा पंखा दुरुस्त झाला. खोलीतली मैत्रीण म्हणते, माझ्या अंगाला कोंबड्यांचा वास येतो. मी म्हटलं, नाकाला सवय होईल.

हे ‘आणखी काय’ लिहून मी बराच वेळ पेन चावत बसले आहे. फोनवर तू मला अर्ध्यावर तोडतेस, म्हणून लिहूनच टाकते.

आत्या, तू डोळ्याच्या ऑपरेशनला गेलीस तो उन्हाळा आठव. कुंपणावरचा पाला तू त्याच वर्षी पहिल्यांदा चूर्णात घातला होतास. जाताना पिल्लं आणि चूर्णाचा डबा आईच्या स्वाधीन केलास. परत आलीस तेव्हा पिल्लं जिवंत होती, पण हातात घ्यावीत तर कापसासारखी हलकी. तू अंगणात सगळ्यांसमोर म्हणालीस, “वहिनी, माझ्या पिल्लांच्या तोंडचं काढून तुमच्या कोंबड्यांना घातलंत.”

आई म्हणाली, “नाही हो वन्सं, पिल्लं खातच नव्हती. तोंड फिरवत होती.”

“पिल्लं काय सासुरवाशिणी आहेत, रुसून बसायला?” तू म्हणालीस, आणि सगळे हसले.

तेव्हापासून आई तुझ्या शेडमध्ये पाऊल टाकत नाही आणि तू तिच्या हातचं पाणी पीत नाहीस. बाबा दोन्ही घरी चहा पितात आणि दोन्ही घरी सांगतात, “तिकडचा पाणचट होता.”

आई खरं बोलत होती, आत्या. तिनं दाणासुद्धा चोरला नव्हता.

तू कपटानं बोललीस असं मी म्हणत नाही. तुला पिल्लं वाचवायची होती, ती वाचलीही. हलकी पिल्लं हातात आल्यावर कोणालाही संशय आला असता. पण माझी ती ओळ मला झोपू देत नाही. पिल्लं व्यवस्थित खातात, असं मी माझ्या अक्षरात लिहिलं, तू ते पायरीवर बसून मोठ्यानं वाचलंस, आणि आपल्या दोन घरांत भिंत एकच आहे. आईनं ऐकलं असणार. पोटच्या मुलीनंही आपल्याला खोटं पाडलं, असं तिला वाटलं असेल. फोनवर तिनं मला फक्त खोकला गेला का, एवढं विचारलं.

मी घरी येते आहे. आधी आईकडे जाईन आणि तिला घेऊन अंगण ओलांडेन. तू शेडमध्ये दोन ताटल्या भरून ठेव, एकीत पाला घातलेलं खाद्य, दुसरीत बिनपाल्याचं. आपण तिघी शेजारी बसून बघू. नंतर आईशी काय बोलायचं ते तुझं तू ठरव. तू काहीच बोलली नाहीस, तर हे पत्र मी त्याच पायरीवर बसून, त्याच शेजारणींना, मागचं तू वाचलंस तेवढ्याच मोठ्यानं वाचून दाखवीन. तुझ्यापुढे आवाज फुटेल की नाही ठाऊक नाही, पण वाचीन.

डोळ्यात औषध घालत जा.

तुला भिणारी, तरीही रविवारी, १२ मे रोजी, सकाळच्या गाडीनं येऊन आईसोबत तुझ्या दारात उभी राहणारी,

तुझीच
तराजू