कारण देण्याचं बंधन नाही

आप्पा,

बावीस एप्रिल, बुधवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. मी ओटीवर चिंच फोडत बसले होते आणि आपल्या गावच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षाच्या अंदाजपत्रकाचा फोटो आला. ग्रुप म्हणजे काय ते समजावत बसत नाही. तुम्ही भिंतीवर कागद चिकटवायचात तसंच, फक्त आता ती भिंत प्रत्येकाच्या खिशात असते. शिमग्याच्या सभेत अख्ख्या गावानं हात वर करून मंजूर केलेलं ते पत्रक. त्यातली एकच ओळ लाल शाईनं खोडलेली होती: खाडीकडच्या बांधाची डागडुजी. खाली अध्यक्षांची सही, आणि सहीच्या वर तुमचं वाक्य. ‘कारण देण्याचं बंधन नाही.’ अध्यक्ष आजचे आहेत, पण वाक्य तुमचं आहे, म्हणून तक्रार तुमच्याकडे.

ते वाक्य मी स्वतःच्या हातानं लिहिलंय, ते मला विसरता येत नाही. मुंबईतली गावकीची खोली, आपल्या गावचे वीस-पंचवीस पुरुष एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचे ती. रविवारी तिथं मंडळाची बैठक. बायकांना मज्जाव, पण माझं अक्षर कॉन्व्हेंटचं, म्हणून तुम्ही मला घेऊन जायचात. मी एका ट्रंकेवर बसलेय, दुसरी ट्रंक माझं टेबल. तुम्ही भिंतीला टेकून एकेक नियम सांगताय. आदल्या वर्षी गावाच्या सभेत विहिरीचं काम आणि नाचाची पार्टी एकाच ठरावात घुसडून मंजूर करून घेतली होती. अध्यक्ष म्हणून सही करायची तर दोन्हीवर, नाहीतर विहीर बुडाली. तुम्ही सही केलीत आणि वर्षभर धुमसत राहिलात. म्हणून हा नवा नियम: सभेनं मंजूर केलेल्या खर्चातली कुठलीही बाब अध्यक्षांना खोडता येईल. बाकीचं पत्रक जसंच्या तसं राहील.

“आणि कारण?” कुणीतरी विचारलं.

“कारण लिहायला गेलो तर भाऊबंदकी होते,” तुम्ही म्हणालात. “अमक्यानं पैसे खाल्ले म्हणून खोडलं, असं कागदावर लिहू? त्याची पोरं उद्या आपल्या पोरांशी बोलतील? कारण ज्याचं त्याला कळतं.”

सगळ्यांनी माना हलवल्या. मी लिहिलं. गावाची लाज झाकायला तुम्ही ते वाक्य घातलंत, हे मला मान्य आहे. पुढच्याच बैठकीत तुम्ही पहिली ओळ खोडलीत ती मोठ्या काकांची. पालखीपुढे बँड लावायचा होता त्यांना.

“का रे, का खोडलास?” काका उठून उभे राहिले.

“चहा गार होतोय, दादा.”

खोली हसली. काकाही हसले, बसले, चहा प्यायले. त्या दिवशी मला वाटलं, माझा बाप राजा आहे.

घरी आल्यावर मात्र मी विचारलंच. आई मोरीपाशी बोंबील साफ करतेय, तुम्ही सदरा काढून खुंटीला लावताय. शाळेत नागरिकशास्त्राच्या सिस्टर सांगायच्या, खुर्ची बनवताना तिच्यात आपला सर्वांत नावडता माणूस बसवून बघा, मग तिला हात किती लांब लावायचे ते ठरवा. मी म्हटलं, “आप्पा, तुमच्या जागी वाईट माणूस आला तर?” तुम्ही वळून पाहिलंत. “फी भरतो ती मोठ्यांचे हेतू तपासायला नाही. तुझ्या सिस्टरला म्हणावं, एकदा आमच्या गावात येऊन राहा.” आई बोंबलांवरून नजर न उचलता म्हणाली, “पोरीनं प्रश्न विचारला, त्याचं उत्तर नाही दिलंत.” दुसऱ्या दिवशी तुम्ही मला दुतोंडी पेन्सिल आणून दिलीत, एकीकडे लाल, दुसरीकडे निळी. चूक कबूल करणं तुम्हाला जमायचं नाही, तुम्ही वस्तू आणून द्यायचात. उत्तर मात्र राहिलं ते राहिलंच.

एका बाबतीत तुम्ही बरोबर होतात, हेही लिहून टाकते. निवृत्त होऊन इथं राहायला आल्यापासून मी गावच्या सभा पाहते. वरच्या आळीला कमान पाहिजे, मग खालच्या आळीला बाक पाहिजेत, बाकांवर देणगीदारांची नावं, नावांवर दिवे. तू माझ्या कमानीला हात वर कर, मी तुझ्या बाकांना करतो. शेवटी असं बोचकं तयार होतं की घेतलं तर सगळं घ्या, टाकलं तर सगळं टाका. अशा वेळी कुणाच्या तरी हातात कात्री हवी. ती एकाच्याच हातात, विचारणारं कुणी नाही, आणि सभेला ती ओळ परत घालायची सोय नाही, एवढंच तुमच्याकडून राहून गेलं. एवढंच म्हणजे सगळंच.

आषाढी अमावास्येच्या उधाणात बांधाला खांड पडली, मोठं भगदाड. उन्हाळ्यात जेसीबी लावून माती चढवली असती तर कदाचित टिकला असता, कदाचित नसता. पूर्वी घरटी एक माणूस बांधावर जायचा. आता माणसं मुंबईत, म्हणून तर ती ओळ दर वर्षी पत्रकात असायची. भर दुपारी खाडीचं पाणी खालच्या आळीच्या लावणी झालेल्या शेतांत शिरलं. आपला तुकडा चुलतवहिनी करते, तिच्या दोन तुकड्यांच्या जोडीनं. मला पेन्शन आहे, मला दुकानात तांदूळ मिळतो. वहिनीच्या घरात वर्षाचं खाणं तेच, आणि मुलाला गावात थांबवून धरायला तिच्याकडे दुसरं काही नाही. आठवड्यात रोपं पिवळी पडली. ती बांधावर कमरेवर हात ठेवून उभी होती. मी जवळ गेले तर म्हणाली, “बगा, आता भात न्हाय, मीठच पिकवायचा. तुमच्या ग्रुपवर टाका फोटो.” मग हळूच, “पोरगा बोलतोय, रसायनीला कंपनीत कामाला जातो. जाऊ दे. तीन वर्सं खारट जमिनीकडे बगत कोण बसल?”

मीठ धुऊन जायला तीनच वर्षं लागतील, हेही नक्की नाही. खांड बुजली नाही तर तिथं तिवरं उगवतील, आणि तिवरं एकदा वाढली की कायद्यानं त्यांना हात लावता येत नाही. मग ते शेत होतं, हे सांगायला वहिनी आणि मी उरू, तेही काही काळ.

अध्यक्ष गाडी घेऊन आले तेव्हा मी त्यांना रस्त्यातच गाठलं. वरच्या आळीतलाच मुलगा, ठाण्याला बांधकामाचा धंदा, मला आत्या म्हणतो.

“आत्या, बांध सरकारचं काम आहे. आपण करत राहिलो तर सरकार कधीच करणार नाही.”

“इतकी वर्षं आपणच केला.”

“तेच म्हणतोय मी.”

“मग सभेत का नाही बोललास? सगळ्यांसमोर म्हणायचं होतंस.”

तो हसला. “सभेत आमच्या आळीच्या देवळापुढच्या सभामंडपाच्या ठरावाला खालच्या आळीतून किती हात वर झाले, तुम्ही पाहिलंत ना?”

“म्हणजे त्याचा सूड?”

“छे, मी कुठं असं म्हटलं? आणि आत्या, मला कशाला विचारता. नियम तुमच्या आप्पांचा. फोटो आहे त्यांचा सभागृहात, मी दर शिमग्याला हार घालतो.” गाडीची काच वर गेली.

 

मग मी खालच्या आळीला वहिनीच्या पडवीत बोलावलं. म्हटलं, पुढच्या शिमग्याला हा नियमच रद्द करायचा ठराव आणू. सगळे माझ्याकडे मी देव्हारा विकायला काढल्यासारखे बघायला लागले. वहिनीचा दीर म्हणाला, “रद्द कशाला ताई? पुढच्या खेपेला आपला माणूस बसवू. मग बगू त्यांचा मंडप कसा उभा ऱ्हातो.” मी म्हटलं, बरं, रद्द नको, निदान कारण लिहायचं बंधन तरी घाला. तर म्हणाला, “व्हय, आणि आपल्याला पन लिवायला लागल त्याचा काय?” वहिनी चहा ओतत होती. शेत गेलं ते तिचं, आणि तीसुद्धा दिराच्या बोलण्याला मान डोलवत होती. कुणालाच ती कात्री मोडायची नाही, आप्पा. सगळ्यांना आपली पाळी हवी आहे. असं असेल तर मी कुणाशी भांडू?

हे पत्र पाठवायला पत्ता नाही हे तर झालंच, पण असता तरी मी पाठवलं नसतं. कारण त्या पडवीतून परत येताना वाटेत मी मनातल्या मनात अध्यक्ष झाले, सभामंडपाची ओळ खोडली आणि कुणाला कारण दिलं नाही. फार बरं वाटलं. ते बरं वाटणं तुम्हालाही ठाऊक असणार, काका हसून खाली बसले तेव्हाचं.

तर मला एवढं कळवा. त्या संध्याकाळी मोरीपाशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा तुमच्याकडे होतं की नव्हतं? होतं तर दिलं का नाहीत? नारळी पौर्णिमेला दुपारी पुन्हा उधाण आहे आणि खांड उघडीच आहे. त्या भरतीच्या आधी मला उत्तर हवंय. लेखी, आणि कारणासह.