व्हय म्हाराजा

३ डिसेंबर
विक्रोळीतलं हे नर्सिंग होम बघून जीव खूश झाला. खाट खिडकीपाशी, चहा बिनसाखरेचा पण वाफाळता. मधुमेही माणसाने आणखी काय मागावं? पायाच्या जखमेत पू झालाय, म्हणून शिरेतून औषध. सिस्टर रोशनीने डाव्या हातात सुई घातली ती कळलीसुद्धा नाही. आमची वनमाला म्हणाली, आता थोडे दिवस तुमची बडबड दुसऱ्यांनी ऐकू दे. ऐकतीलच. कन्नमवार नगरातल्या आमच्या मालवणी मंडळात गाऱ्हाणं मीच घालतो. मी देवाला साकडं घालत जायचं आणि दर वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. इथल्या शेजाऱ्यांनाही शिकवलं. संध्याकाळी रोशनीने गोळ्या घ्या म्हटलं, तर सगळ्या खाटा एका सुरात, व्हय म्हाराजा.

४ डिसेंबर
डॉक्टर मिहिर तरुण आहे, पण नीट समजावून सांगतो. म्हणाला, काका, तुमची किडनी जरा मंद आहे. हे औषध अंगात साचलं तर क्वचित मेंदूला त्रास देतं. हात उडायला लागले, शब्द सापडेनासे झाले तर लगेच मला सांगा, औषध बदलू. मी हात जोडून म्हटलं, "व्हय म्हाराजा." पोरगा पोट धरून हसला. गोड आहे.

६ डिसेंबर
ताप उतरला, जखम सुकतेय. सकाळी चमचा मागायचा होता, नावच आठवेना. 'ते, ढवळायचं' म्हटलं. वनमाला म्हणाली, साठी बुद्धी नाठी. मग कप उचलताना हात टुणकन उडाला आणि चहा चादरीवर. मिहिरला सांगायला हवं. तो आला तेव्हा मी वाक्य जुळवत राहिलो आणि तो पुढच्या खाटेवर गेलाही.

७ डिसेंबर
आज त्याने मुद्दाम विचारलं, शब्द अडखळतात का काका? हो, अडखळतात, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "व्हय म्हाराजा." बाकीच्या खाटाही ओरडल्या. मिहिर म्हणाला, मस्करी नको, खरं सांगा. पुन्हा तेच आलं. वनमाला म्हणाली, घरीपण हे असेच करतात. त्याने माझा खांदा थोपटला. मला दुसरं काही बोलताच येत नाही.

८ डिसेंबर
पाणी मागितलं तरी तेच. रडलो तरी तेच. डोक्यात सगळं लख्ख आहे, तोंड माझं राहिलं नाही. औषधाच्या बाटलीकडे बोट दाखवलं. रोशनीला वाटलं, थेंब अडकलेत. तिने नळी झटकली, थेंब पुन्हा सुरू.

९ डिसेंबर
सुई उपटायला गेलो. हात उडाला, रक्त. डावा हात खाटेला बांधलाय. मऊ पट्टीने, माझ्याच भल्यासाठी.

वनमालेसमोर या वहीत लिहिलं— बाटली काढ. तिने वाचलं आणि हसली. मी पान पाहिलं. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा, खालपर्यंत. ते पान मी फाडलं. मागची पानं वाच म्हणून खुणावलं, तर तिने वही मिटून उशाशी ठेवली. दुसऱ्याच्या वहीत ती कधी डोकावत नाही. एकटा असलो की मनातलं कागदावर उमटतं. कसंबसं—

१० डिसेंबर
जखम उत्तम. मिहिर म्हणतो, हेच औषध अजून— सुट्टी नाही.
वनमालेने हात जोडले. मला बरं वाटावं म्हणून. जन्मात पहिल्यांदा तिने गाऱ्हाणं घातलं.
"बा देवा म्हाराजा, ह्या बाटलीचो तेंका गुण येवंदे. आणखी धा बाटल्यो लागल्यो तरी लागांदे रे म्हाराजा."
सगळ्या खाटा. रोशनी. मिहिरपण.
आणि मी— सगळ्यांत मोठ्याने—
नवी बाटली टांगतायत. वनमाला दारात आहे अजून. लिहायचं, तिला दाखवायचं. दोनच अक्षरं. का—
व्हय म्ह