गळू कापायला डॉक्टर मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
कै. द्वारकाबाई वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, पुणे.

विषय : नातू ऋषी याच्या मांडीवरचे गळू कापण्यास, मनाची अडचण नसलेला डॉक्टर मिळणेबाबत.
संदर्भ : गेल्या सोमवारी आपल्या ओपीडीत झालेला प्रकार.

महोदय,

मी बायडाबाई खांदवे, राहणार लोहगाव गावठाण. शाळा चौथीपर्यंत, अर्ज स्वतःच्या हाताने लिहिते आहे.

१) ऋषी आमच्या घरात सृष्टी म्हणून जन्मला, पोरगी. आता वय अठरा, आणि तो म्हणतो मी मुलगा. मुलगा होण्याच्या औषधाला रीतसर आपल्याकडे आला, तर शिकाऊ डॉक्टर म्हणाले, आमच्या मनाला पटत नाही, दुसरीकडे जा. दुसरीकडे म्हणजे कुठे, ते कोणी सांगितले नाही. मग जिममधल्या कुणाकडून तेच इंजेक्शन आणून त्याने आपल्याच हाताने टोचले. मांडी पिकली.

२) सोमवारी मी त्याला घेऊन आले. शिकाऊ डॉक्टर सार्थक यांनी केसपेपर वाचला आणि हात मागे घेतला. "असल्या केसमध्ये मी पडत नाही." मी म्हटले, "बाळा, गळू कापायला चाकू लागतो, मन कशाला?" त्यांच्या वरच्या डॉक्टरीणबाई आल्या. "आजी, जबरदस्ती करता येत नाही. त्यांना नाही म्हणायची मुभा आहे." म्हटले, मुभा त्यांची, पू आमचा.

३) तेव्हा सार्थक यांनी विचारले, "आजी, खरं सांगा, तुम्हाला तरी पटतं का हे?" साहेब, अख्ख्या गावठाणात माझ्या तोंडाला लागायला कोणी धजत नाही. तिथे माझी वाचा बसली. ऋषी माझ्याकडे बघत होता. मग उठला आणि लंगडत निघून गेला.

४) तर लेखी कळवते की मला पटत नाही. पण म्हणून त्याचे ताट वाढायचे मी कधी थांबले नाही. डॉक्टरांनीही तेवढेच करावे, जास्त नको.

५) आता तो पांघरुणात तोंड घालून पडला आहे. अंगात ताप. मांडीवरची लाली वर चढते आहे. दवाखान्याचे नाव काढले की म्हणतो, "आजी, तूपण त्यांच्यातलीच हायस."

तरी आजच्या आज एक डॉक्टर नेमून त्यांचे नाव लेखी द्यावे. ऋषीला आणायचे मी बघते. कसे, ते मला माहीत नाही.

अर्जावर शिक्का मारून पोच मिळावी. ऋषीला दाखवायची आहे. माझ्या तोंडच्या शब्दावर त्याचा आता भरवसा राहिला नाही.

आपल्या केबिनबाहेर बाकावर बसलेली, नम्र,
बायडाबाई भैरू खांदवे
गुरुवार, १२ जून २०२५

सोबत : सोमवारचा केसपेपर.