कमलने बंद केलेली गोळी

जळगाव, १२ नोव्हेंबर १९८८

मला एवढेच सिद्ध करायचे आहे, की कमलने गोळी पुन्हा सुरू केली पाहिजे. माझ्या मुलीला अनावर झोपेचा आजार आहे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीने ती जागी राहत असे. गोळी बंद केल्यापासून... आज भाकरी भाजताना डुलकी लागली आणि हात तव्यावर पडला.

"माधवभाऊले त्या गोळ्या मीच दिन्यात ना, आबा? आते माले नको."

माधव माझा पुतण्या. केळीचा ट्रक न थांबता दिल्लीला न्यायचा म्हणून त्याने गोळ्या मागितल्या. गोळीने झोप अडवली, थकवा नाही. धुळ्याच्या पुढे घाटात ट्रक कोसळला. माधव गेला.

एकाचे औषध दुसऱ्याला घातक ठरते, यात विसंगती कुठे? मी सविस्तर मांडले. तिने तो भाजलेला हात पुढे केला.

"कोर्ट संपनं का, आबा? मंग यावर फुंकर घाला."

घातली. पण मुद्द्याचे बोललोच नाही. त्या दिवशी ती गोळ्या द्यायला कचरत होती. मीच म्हणालो होतो, "आजाऱ्याला जागे ठेवते, ती धडधाकटाला ठेवणारच. दे." हा निष्कर्ष माझा, चूकही माझी. हे तिला सांगितल्याखेरीज ती गोळी घेणार नाही.

— त्र्यंबक