रामबागेतली माडी आणि रविवारची स्वारी

मी, जयसिंगराव धोंडजीराव काटकर, वय वर्षे अडुसष्ट, राहणार रामबाग, इंदूर, मध्यभारत, पूर्वी होळकर सरकारच्या घोडदळात रिसालदार आणि गेली सात वर्षे रविवारच्या स्वारीचा सरदार, आज स्वखुशीने, कोणाच्या भिडेला किंवा धाकाला न बळी पडता, माझ्यामागे कोणाला काय मिळावे ते येथे लिहून ठेवतो.

माझे शेजारी वकील बाळकृष्णपंत हा मजकूर माझ्या तोंडून उतरवून घेत आहेत. ते म्हणतात, बुद्धी शाबूत आहे असे नुसते लिहून भागत नाही, तसे दिसलेही पाहिजे. तर घ्या पुरावा. इंदूर, राऊ, महू, पातालपाणी, कालाकुंड. ही स्टेशने मी झोपेतही म्हणून दाखवीन, आणि कालाकुंडला पळसाच्या पानावरचा कलाकंद घेऊन बाई खिडकीशी येते तेव्हा सगळ्या डब्यात पहिला हात माझा बाहेर असतो. ज्याला माझ्या शुद्धीबद्दल शंका असेल त्याने एकदा माझ्याबरोबर त्या गाडीत बसावे.

परवा डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली आणि मग पुन्हा एकदा ऐकली. म्हणून ही घाई. आज रविवार असूनही सकाळची स्वारी मी दुपारवर ढकलली आहे, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते समजावे.

कलम पहिले. माझ्याविषयी. तीस वर्षे रिसाल्यात काढली, पण लढाई एकही वाट्याला आली नाही. दसऱ्याची मिरवणूक, पाहुण्या राजांची सलामी, घोड्यांची खरारा-मालिश, यातच केस पिकले. निवृत्त झाल्यावरही दसऱ्याला मला घोड्यावर बसवत. मग संस्थान विलीन झाले, मध्यभारत झाला, आणि तो दसराही गेला. तीन महिने मी ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होतो. जेवायला बोलावले तरी उठत नसे. चौथ्या महिन्यात माझी पत्नी सौ. प्रेमलता बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, घोडा गेला तर पाय पण गेले काय? उठा. सांवेरला उलटे हनुमान आहेत. देव उलटा उभा राहू शकतो, तर तुम्हांला सरळ उभं राहायला काय होतं?"

त्याच दिवशी आम्ही मोटारीने सांवेरला गेलो. दर्शन घेतले, बाजारात हलवायाच्या ओट्यावर बसून कचोरी खाल्ली. काटकरांच्या सात पिढ्यांत रस्त्यावर बसून खाणारा मी पहिला. काय सांगू, दुसरी कचोरी मागताना मला जो आनंद झाला तो रिसालदारीचा हुकूम हातात पडला तेव्हाही झाला नव्हता. तेव्हापासून एक रविवार चुकवला नाही, हळूहळू शेजारीही येऊ लागले आणि या सहलींना रविवारची स्वारी हे नाव पडले. मांडू, महेश्वर, देवासची टेकडी, जानापाव, उज्जैन, सगळे झाले. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, पंचाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने मला नखशिखांत रंगवले आणि मी त्याला. लढाई नसेल जिंकली, पण हा सारा माळवा मी पोहे-जिलबीपासून दाल-बाफल्यापर्यंत जिंकला आहे आणि त्याचा मला गर्व आहे.

कलम दुसरे. पत्नी. रामबागेतले घर मी १९३१ साली स्वतःच्या पगारातून बांधले. ते वडिलोपार्जित नाही, म्हणून त्याची व्यवस्था लावण्याचा मला पूर्ण अधिकार आहे. खालचा मजला सौ. प्रेमलता हयात असेपर्यंत तिचा. तिच्या स्वयंपाकघरात कोणी नवा हुकूम काढू नये. मी तीस वर्षे हुकूम दिले, पण त्या उंबरठ्याच्या आत कधी चालले नाहीत.

कलम तिसरे. गोटीचे सामान. पावसाळ्यात गावाबाहेर झाडाखाली गोवऱ्या पेटवून दाल-बाफले, म्हणजे वरण आणि कणकेचे भाजलेले गोळे, करायचे आणि तिथेच पंगत बसवायची, त्याला आमच्याकडे गोट म्हणतात. त्यासाठीची पितळी परात, दोन तपेली आणि तुपाची लोटी हे सर्व रविवारच्या स्वारीचे. सांभाळ गजानन मास्तरांनी करावा. ते आमच्यामागच्या गल्लीत राहतात, शाळेत भूगोल शिकवतात आणि प्रत्येक सहलीत एकदा तरी रस्ता चुकतात.

अट एकच, चूल एकच पेटवायची. कारण पहिल्या गोटीत आम्ही काय मूर्खपणा केला तो सर्वांना ठाऊक आहे. पातालपाणीला चार घरे गेलो आणि चार चुली मांडल्या. काटकरांची वेगळी, मास्तरांची वेगळी, आम्हांला नेहमी नेणाऱ्या टांगेवाल्याची त्याहून लांब आणि बाळकृष्णपंतांची सोवळ्यातली, खडकावर, सर्वांपासून दूर. बाफले आधी उकळून मग गोवऱ्यांवर भाजावे लागतात. पंतांच्या घरच्यांनी सोवळ्याच्या गडबडीत उकळायचेच सोडले. तेवढ्यात सर कोसळली आणि तीन चुली विझल्या. आमची तेवढी वडाच्या ढोलीजवळ तग धरून राहिली. पंतांनी आधी आकाशाकडे पाहिले, मग आपल्या दगडासारख्या बाफल्यांकडे, मग आमच्या परातीकडे. शेवटी पत्नीने हाक मारली, "पंत, या हो, देव पण बघत नाहीये आता, पाऊस आहे ना!" पंत आले आणि पाच बाफले जेवले.

(लिहिणाऱ्याची नोंद: चार. आणि पाऊस खरोखरच फार मोठा होता. — बा.)

कलम चौथे. मुलगा. चि. उदयसिंह याला प्रेमलतेच्या पश्चात खालचा मजला, माझी तलवार, दसऱ्याचा पोशाख आणि मंदील. मुलगा सरळ आहे, कष्टाळू आहे. सचिवालयात आहे, त्यामुळे राजधानीबरोबर सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला असतो. इंदूरला असतो तेव्हा स्वारीला येतो आणि ताटात हात धुवेपर्यंत घड्याळ बघतो. एवढे एक व्यंग सोडले तर मला त्याच्याबद्दल तक्रार नाही.

कलम पाचवे. चुलतभाऊ. धाकटा चुलतभाऊ तुकोजी याच्याशी गेली दोन वर्षे माझे बोलणे नाही. कारण लिहितो, म्हणजे मागून कोणी तिखटमीठ लावणार नाही. श्रावणात आम्ही हातोद गावाजवळ, बाजाराच्या वाटेवर गोट केली होती. बाजाराचा दिवस होता. माझी मुलगी यशोधरा लहानपणापासून दरबारातल्या एका वृद्ध गवयाकडे, आम्ही त्यांना खाँसाहेब म्हणतो, गाणे शिकलेली. संस्थान गेल्यावर त्यांनाही कोणी विचारीना, म्हणून मी त्यांना स्वारीत घेतले. पंगत बसल्यावर खाँसाहेब म्हणाले, "बेटी, बादल देख. गा." ती झाडाखाली बसून मल्हार गायली. बाजारातली माणसे पोती डोक्यावर घेऊन उभी राहिली. एक म्हातारी मेथीच्या जुड्या हातात धरून रडत होती आणि का रडते ते तिलाच कळत नव्हते. मलाही कळत नव्हते.

तेव्हा तुकोजी पानावरून उठला. "दादासाहेब, घोडदळातल्या घरची पोर बाजारात गाते, और तुम बाफले खा रहे हो?" असे म्हणून ताट तसेच टाकून निघून गेला. भरल्या पानावरून उठणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना सांगायला नको. माझ्या पत्नीच्या हातचे अन्न त्याने टाकले, ते मला फार लागले.

आज मी ते माफ करतो. तुकोजीला माझी चांदीची अत्तरदाणी द्यावी आणि टांग्यात हाकणाऱ्याच्या शेजारची माझी जागा. ती जागा फुकट नाही. तिथे बसणाऱ्याने प्रत्येक चढावर उतरून चालायचे असते.

कलम सहावे. मुलगी. हेच या मृत्युपत्राचे खरे कारण. चि. यशोधरा, वय चोवीस. गेल्या उन्हाळ्यात इंदूरला रेडिओचे केंद्र झाले. तिने परीक्षा दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाली. तिचे गाणे लागले त्या दिवशी गजानन मास्तरांच्या ओट्यावर अख्खी गल्ली बसली होती. निवेदकाने "कुमारी यशोधरा काटकर" म्हटले तेव्हा मी उभा राहून सलामी ठोकली. लोक हसले. हसू देत. तीस वर्षे मी दुसऱ्यांना सलामी दिली, ही पहिलीच सलामी माझ्या मनाची होती.

आता रजेवर आलेल्या उदयसिंहाने ग्वाल्हेरहून स्थळ आणले आहे. घर मोठे आहे, मुलगा शिकलेला आहे, पण पत्रात स्वच्छ लिहिले आहे की लग्नानंतर गाणे, रेडिओ आणि "असली भटकंती" बंद. उदयसिंहाचे म्हणणे, नकार दिला तर आम्ही नवराबायको गेल्यावर ती कुठे राहणार? प्रश्न खरा आहे. त्याला मी उत्तर देतो. वरची माडी, तिचा स्वतंत्र जिना, गच्ची, दोन तानपुरे आणि मी लिहिलेली सहलीची सगळी टिपणे यशोधरेला तिचे लग्न होईपर्यंत द्यावीत. तिने पहाटे किती वाजता षड्ज लावावा याबद्दल खालच्या मजल्याला तक्रारीचा हक्क नाही. भिंतीवर तिने हातोदच्या मुलींकडून शिकून शेणाची आणि फुलांची संजा, म्हणजे पितृपक्षातली मुलींची भिंतचित्रे, काढली, तरी कोणी पुसू नये.

कलम सातवे. माझे शेवटचे. दहनाचा विधी रीतीप्रमाणे करावा, पण तेरावा घरात नको. सर्वांना पातालपाणीला न्यावे, बाफले करावेत आणि तूप हात राखून वाढू नये. कोणी हुंदके देऊ लागल्यास त्याला आणखी एक बाफला वाढावा. त्यानंतर रडणे कोणाला जमत नाही, हा माझा अनुभव आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी बाळकृष्णपंतांनी करावी.

वाचनानंतरची दुरुस्ती. वरील मजकूर पंतांनी आज सकाळी दहा वाजता दिवाणखान्यात सर्वांसमोर वाचून दाखवला. साक्षीसाठी भाऊबंदांपैकी कोणी हवा, म्हणून तुकोजीला निरोप गेला होता. तो आला, दाराजवळच्या खुर्चीत बसला आणि माझ्याकडे बघितले नाही.

सहावे कलम ऐकल्यावर उदयसिंहाचा चेहरा उजळला. "मग ठीकच झालं, आबा. लग्न झालं की माडी आपोआप घरात वापस. मी त्यांना लिहून टाकतो, थोडं थांबा म्हणून."

यशोधरा उठली. ती माझ्यापुढे कधी आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही. म्हणाली, "आबा, हे घर नाही दिलं तुम्ही. ये तो धरमशाळा झाली नं. मुक्काम ठरलेला, सामान बांधलेलं. दादा म्हणतो तसंच झालं की, फक्त थोडं उशिरा."

मला राग आला. लिहून ठेवतो, फार राग आला. अख्ख्या घराशी भांडून मी हिला माडी देतो आणि ही मला धरमशाळेचा मालक म्हणते! मी म्हटले, "मग तुला लग्नच करायचं नाही काय?"

"करीन नं. मन होईल तेव्हा करीन. पण ज्याला करायचं असेल त्याने जिना चढून वर यावं, आणि गाणं संपेस्तोवर बसावं. माडी गेली तर तो कशाला चढेल? और मी कुठे गाईन?"

मी प्रेमलतेकडे बघितले. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? पोरगी बरोबर आहे. खोडा."

मी पुन्हा ते कलम वाचले. दोन दिवस विचार करून मीच सांगितलेले ते तीन शब्द. मला वाटत होते, मी जगाशी लढतो आहे. ते शब्द पत्रवाल्या ग्वाल्हेरकरांनी नव्हते लिहिले, मी लिहिले होते. आयुष्यात हरलो तो हा एकदाच, माझ्या पोरीकडून, आणि मला इतका आनंद झाला की छातीचे दुखणे विसरून मी उभा राहिलो आणि पंतांच्या हातून लेखणी ओढून घेतली.

सबब कलम सहामधील "तिचे लग्न होईपर्यंत" हे शब्द मी स्वतःच्या हाताने खोडले असून शेजारी सही केली आहे. त्यांच्या जागी पुढील मजकूर वाचावा: वरची माडी यशोधरा जयसिंगराव काटकर हिच्या कायम मालकीची. ती कुमारी असो, सवाष्ण असो वा विधवा असो, तिचे नाव पुढे काहीही होवो, माडी तिचीच. राहण्याचा, भाड्याने देण्याचा, विकण्याचा आणि मनास येईल तेव्हा मनास येईल तितके गाण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. उदयसिंहाने ग्वाल्हेरला आजच नकार कळवावा.

हे मी पूर्ण शुद्धीत, मोठ्या समाधानाने लिहून दिले.

सही: जयसिंगराव धोंडजीराव काटकर

मुक्काम इंदूर, रविवार, दिनांक १८ डिसेंबर १९५५, दुपारचे बारा. स्वारी एक वाजता निघेल.

साक्षीदार १: गजानन विष्णू पटवर्धन, शिक्षक. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: तुकोजी आनंदराव काटकर. सही माझ्यासमोर झाली. मजकूर सगळाच मला पसंत आहे असे नाही. शब्द मात्र माझ्या डोळ्यांदेखत खोडले, आणि खोडले ते ठीक केले.