कायद्यानं माझी कोणी नसलेल्या बाईस

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, धंदा कुलूपदुरुस्ती आणि किल्ल्या बनवणे, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली विधवा, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरनं तसा दाखला दिलाय. दाखला देण्याआधी त्यानं मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला, वर त्याच्या औषधाच्या कपाटाचं कुलूप कुचकामी आहे तेही सांगितलं. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारं माणूस अजून जन्माला यायचंय. पूर्ण नावं आणि पत्ते वकिलानं शेवटच्या पानावर मांडलेत. इथं मी हाक मारते तशीच लिहीन.

कलम १. राहतं घर, म्हणजे खाली दुकान आणि वर दीड खोली, नवऱ्याच्या माघारी माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते सगळं बुटकीला. बुटकी म्हणजे गेली सोळा वर्षं माझ्याजवळ राहणारी आणि आता दुकान चालवणारी, वय चौतीस. पाच वर्षांची होती तेव्हा हे नाव पडलं. आता दाराची चौकट डोक्याला लागते, तरी नाव तेच.

मी वकिलाला म्हटलं, "लिहा, माझी मुलगी."

तो म्हणाला, "आजी, मुलगी लिहिलंत की तुमचा पुतण्या कोर्टात म्हणणार, दत्तकाचा कागद दाखवा. कागद नाही म्हटल्यावर तुम्हाला शुद्धच नव्हती म्हणेल. घरही अडकेल."

म्हणून दात-ओठ खाऊन लिहिते: कायद्यानं माझी कोणी नसलेल्या बाईस.

कलम २. कागद का नाही, ते लिहून ठेवते. म्हणजे मी गेल्यावर कोणी म्हणायला नको की म्हातारीनं आळस केला.

बालगृहात बुटकीला पाहिलं तेव्हा आम्ही नवरा-बायको अर्ज करायला गेलो. आपल्या राज्याचा कायदा म्हणतो, दोघांच्या वयाची बेरीज नव्वदच्या वर नको. ते पंचेचाळीस, मी त्रेचाळीस. बेरीज अठ्ठ्याऐंशी. बसलो की नियमात! मग घर तपासायला एक अधिकारीण बाई आल्या. त्यांनी खिडकी मोजली, संडास मोजला, कानशी बघून "धोकादायक हत्यारे" असं लिहिलं आणि मला विचारलं, "मूल कशासाठी हवंय?"

मी विचारलं, "तुम्हाला किती मुलं?"

"दोन."

"ती कशासाठी हवी होती?"

नवऱ्यानं मला टेबलाखालून चिमटा काढला. त्याचा व्रण गेला, पण त्या बाईंचा राग गेला नाही. फाईल दीड वर्ष पडून राहिली. मग पत्र आलं: बेरीज एक्क्याण्णव, अर्ज नामंजूर. अहो, वर्षाला बेरीज दोननं वाढते, एवढं गणित मला सातवीत कळत होतं! फाईल तुम्ही झोपवायची आणि वय आमचं मोजायचं? पुलापलीकडच्या राज्यात बेरजेचा नियमच नाही. म्हणजे पुलाच्या त्या टोकाला मी आई व्हायला लायक, आणि या टोकाला म्हातारी. तिकडेही जाऊन आलो. ते म्हणाले, मूल तुमच्या राज्यातलं, कायदाही तुमचाच.

तीन वर्षांनी नवरा गेला. पुन्हा अर्ज केला. "एकट्या बाईला चाळिशीपर्यंतच." पोरगी अठराची झाली तेव्हा परत गेले, म्हटलं, आता तर ती स्वतः सही करेल. तर म्हणे, "सज्ञान माणूस दत्तक घेता येत नाही." लहान होती तेव्हा मी मोठी, आणि आता तीच मोठी. या कायद्याला कोणत्या वयाची बाई आणि कोणत्या वयाचं पोर चालतं, ते मला मरेपर्यंत कोणी सांगितलं नाही.

कलम ३. कबुली. बालगृहाच्या कुलपांचं काम आमच्याकडे होतं. भेटायची परवानगी नव्हती, पण दुरुस्तीला कोण नाही म्हणतो? म्हणून मी स्प्रिंग अर्धीच बसवायची. पंधरवडा झाला की कुलूप रुसायचं. अधीक्षकबाई वैतागायच्या, "अहो, परवाच तर केलंत!" मी म्हणायची, "तुमच्या इमारतीला ओल फार." बुटकी शेजारी बसून स्क्रू धरायची. कधी कुलूप वेळेत बिघडलं नाही, तर ही पोरगी त्यात साबण कोंबायची, हे मला ती घरी आल्यावर कळलं. तेरा वर्षं आम्ही दोघींनी मिळून सरकारची कुलपं नासवली. चौकशी लावायची असेल तर खुशाल लावा, मी हजर राहणार नाही. या सगळ्या कानशी, ऐरण आणि किल्ल्या कापायचं यंत्र वरील बाईस.

कलम ४. पुतण्यास, म्हणजे माझ्या दिराच्या मुलास. गेल्या महिन्यात बारा वर्षांनी आला. चहा घेतला, भिंतींवर टिचक्या मारून बघितल्या आणि म्हणाला, "काकू, ती परकी. कायद्यात बसत नाही."

मी म्हटलं, "तू बसतोस ना रे कायद्यात? मग बस तिथंच. माझ्या घरात बसायला तुला बारा वर्षांत वेळ झाला नाही."

तरी रिकामं पाठवू नये. समोरच्या दाराचं जुनं कुलूप त्याला द्यावं. किल्ली हरवली आहे.

कलम ५. नामंजुरीची तिन्ही पत्रं मी जपून ठेवलीत. ती काच लावून दुकानात गिऱ्हाइकाला दिसतील अशी टांगावीत. अंत्यविधी कमी खर्चात करावा. आग बुटकीनं द्यावी. "नातं काय?" असं कोणी विचारलं, तर त्याला आधी पत्रं वाचायला लावावीत.

कलम ६. या कलमात मी कोणाला काहीच देत नाही. वीट नाही, खिळासुद्धा नाही. वकिलाला विचारलं, "जिथं काही द्यायचंच नाही, त्यावर दावा लागतो का?"

त्यानं चष्मा पुसला. "नाही आजी. भांडायला काहीतरी असावं लागतं."

"मग लिहा."

बुटकी माझी मुलगी आहे.

सही: स्वतःच्या हातानं केली.

साक्षीदार पहिला: समोरचा न्हावी.
साक्षीदार दुसरी: शेजारची शिंपीण. हिला शेवटचं कलम मोठ्यानं वाचायला लावलं, जिन्याचं दार उघडं ठेवून.

ठिकाण: वरची खोली.
दिनांक: अकरा मार्च, मंगळवार, सकाळी, खाली दुकान चालू असताना.