बाबांना ताळ्यावर आणण्याचा माझा कार्यक्रम

५ जून
डॉक्टरांनी बाबांच्या आजाराचं नाव सांगितलं. अल्झायमर. बरा होत नाही म्हणे. चिडू नका, त्यांची परीक्षा घेऊ नका वगैरे. डॉक्टर अजून लहान आहेत. बाबांनी उभं आयुष्य सलून चालवलं, ते काय विसरणार? दुकान माझ्याकडे दिल्यापासून नुसते बसून आहेत, म्हणून डोकं गंजलंय. उद्यापासून मी जातीने लक्ष घालणार. बायकोने विचारलं, म्हणजे नक्की काय करणार? हिला दूरदृष्टी नाही.

६ जून, सकाळ
क्विझ सुरू. पहिला प्रश्न सोपा ठेवला: मी कोण? बाबा हसून म्हणाले, "का, तुम्हाला माहीत नाही?" हजरजबाबीपणा शाबूत. प्रगती उत्तम.

९ जून
क्विझ तूर्त स्थगित. मी खोलीत शिरलो की बाबा चादर तोंडावर ओढून घेतात. अंघोळ, जेवण, औषधं बायको बघते. मी एकूण धोरण बघतो.

१२ जून, दुपार
नवा प्लॅन: बाबांना दुकानात नेलं. हात चालले की डोकं चालेल. एक मास्तर केस कापायला आले होते, त्यांना बाबांच्या ताब्यात दिलं. कात्री काय सुरेख चालली! उजवी बाजू झाली. बाबा कंगवा धुवायला गेले. परत आले ते नवीन गिऱ्हाईक समजून, आणि पुन्हा उजव्याच बाजूला लागले. मग पुन्हा कंगवा धुतला. मास्तरांनी आरशात बघून बोंब ठोकली. मी कात्री हिसकावून घेतली. "लाज आणलीत! बसा गुपचूप!" सगळ्यांसमोर. बाबा बाकावर जाऊन बसले. हात मांडीवर.

संध्याकाळ
जरा जास्त बोललो बहुतेक. पण उद्या त्यांना काय आठवणार आहे? या आजाराचा तेवढा एक फायदा.

१३ जून
बाबा जेवले नाहीत. का, ते त्यांनाही सांगता येईना. बायको म्हणाली, घडलेलं विसरलं तरी लागलेलं मनात राहतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हा तू फोनमध्ये होतास. मला वाटतं हवा बदललीय. हवेने भूक मंदावते.

१५ जून
दुकान उघडायच्या आधी बाबांची दाढी करायला घेतली. माफीबिफी नाही, नुसती दाढी. बाबा आरशात बघून म्हणाले, "हात हलका आहे तुमचा. कुणाकडे शिकलात?" म्हटलं, वडिलांकडे. "माझा मुलगाही याच धंद्यात आहे," म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मी इथे आलो होतो ते त्याला सांगू नका हं. रागावतो. त्याचा दोष नाही, माझंच काहीतरी चुकलं असणार. काय, ते आठवत नाही."

नाही सांगणार, म्हटलं.

एक गाल राहिला होता. वस्तरा खाली ठेवावा लागला. नीट दिसेना.

बाबांनी गळ्यातला टॉवेल काढून माझ्यापुढे धरला. म्हणाले, "सावकाश होऊ द्या. मला घाई नाही."